घासतंय का तुटतंय?

सन दोन हजार अठरा. मी एकोणसत्तर वर्षांचा. वैशाखातली दुपार, माझ्या थोरल्या नातवाची हळद, दारात मांडव, आणि त्या मांडवातून चार जण मटणाचं पातेलं उचलून शाळेकडे पळताहेत! मागून बायका हळदीची ताटं घेऊन पळताहेत, बेंजोवाले आपापली वाद्यं पोटाशी धरून पळताहेत, आणि नवरदेव पिवळ्या अंगानं उघडाच त्यांच्या पुढे. का? तर पाऊस येतोय म्हणून. कोण म्हणालं? सोनू जॉबर म्हणाला.

पाऊस आला नाही. एक थेंब आला नाही. संध्याकाळी आभाळ असं स्वच्छ होतं की व्याही माझ्याकडे बघून हसले. व्याह्यानं हसणं म्हणजे काय, ते ज्याला नाती आहेत त्याला कळेल.

पण म्हणून सोनू खोटा माणूस होता असं कोणी समजू नये. समजायचं असेल तर पुढचं वाचू नये. मी चौथीत शाळा सोडली, लिहिण्याची मला सवय नाही. तरी सोनूबद्दल लिहायला बसलोय, कारण आमच्या कट्ट्यावरचा मी एकटाच उरलोय ज्याला सगळे वळीव नावानिशी आठवतात.

कट्टा म्हणजे गावच्या पाण्याच्या टाकीखालचा. दापोड्याकडे जाणारा रस्ता तिथून दिसतो, समोर इद्रीसची चहाची टपरी. उन्हाळा लागला की दुपार उतरताना आम्ही तिघं तिथे जमायचो आणि आज वळीव येणार की नाही यावर भांडायचो. दुसरा उद्योग नव्हता असं नाही. मला शेत होतं, इद्रीसला टपरी होती, सोनूला भिवंडीत लूमची ड्युटी होती. पण चैत्र-वैशाखात अंगाची लाही होत असताना, माहुलीच्या डोंगराकडून अचानक काळंभोर काहीतरी उठतं, घटकाभर थैमान घालतं आणि निघून जातं, ते आधी ओळखायचं यात जी मजा आहे ती मला आयुष्यात दुसऱ्या कशात मिळाली नाही. लग्नात पण नाही. बायको हे वाचत नाही, म्हणून लिहितो.

तिघांच्या तीन रीती. मी वाऱ्याचा माणूस. दुपारी आमच्याकडे खाडीचा वारा असतो, पश्चिमेचा, ओलसर. तो मध्येच पडला आणि झाडाचं पान हलेनासं झालं, की मी म्हणायचो, आता येतोय. इद्रीस खारीचा माणूस. त्याच्या काचेच्या बरणीतली खारी नरम पडली की तो फडका खांद्यावर टाकून ओरडायचा, "दामूभाय, खारी बैठ गयी! आज गिरेगा!"

आणि सोनू रेडिओचा.

सोनूचा रेडिओ कधीच गाणं म्हणायचा नाही. चामड्याच्या कव्हरातला जुना ट्रान्झिस्टर, काटा मुद्दाम दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागेवर ठेवलेला. तिथे नुसतं फुस्स्स असा आवाज. पण लांब कुठे वीज चमकली, की त्या फुस्स्समध्ये खट् खर्र वाजायचं. शहापुरापलीकडे वीज पडली तरी इथे टाकीखाली वाजायचं, आभाळात काही दिसायच्या कितीतरी आधी! पहिल्यांदा त्यानं दाखवलं तेव्हा इद्रीसच्या हातातली किटली तशीच राहिली आणि चहा ग्लासातून वाहून बाकावर आला.

"ये क्या जादू है, सोनूभाय?"

"जादू न्हाय. वर धागा तुटतोय."

हे त्याचं बोलणं. चाळीस वर्षं लूमवर काढलेला माणूस. जॉबर म्हणजे बिघडलेली लूम दुरुस्त करणारा कारागीर. त्याला आभाळ म्हणजे मोठी लूमच वाटायची. ढग म्हणजे भरलेला ताणा. वीज म्हणजे तुटलेला धागा. "एक-दोन धागे तुटले तर लूम चालते, दामूदादा," तो सांगायचा. "घडीघडी तुटायला लागले, का समज कापड आता फाटनार."

आता गंमत ऐका. हा माणूस आमच्यात सर्वांत बहिरा होता. लूमच्या खटखटाटानं त्याचे कान गेले होते. भिवंडीत असे पुष्कळ. मग तो रेडिओ ऐकायचा कसा? तर हातानं. आवाज पूर्ण मोठा करायचा, आणि उजवा तळवा जाळीवर सपाट ठेवायचा, डोळे मिटायचे. ड्युटीवरही तसंच. पन्नास लूम धडाडत असताना मालक म्हणायचा, कुठली बिघडलीय बघ, आणि सोनू रांगेतून एकेका लूमवर तळवा ठेवत जायचा, एकीपाशी थांबायचा. तीच असायची. तोच हात तो आभाळाला लावायचा, एवढंच.

बहिरेपण त्याला सोयीचंही होतं. न पटलेली गोष्ट त्याला कधीच ऐकू यायची नाही. मी म्हणायचो, "सोन्या, माझा वारा तुझ्या डबड्यापेक्षा जुना हाय." तो कानाशी हात नेऊन म्हणायचा, "काय?" मी पुन्हा सांगायचो. "काय?" शेवटी मी शिव्या द्यायचो. त्या मात्र बरोबर ऐकू यायच्या. लक्ष्मीवयनी, त्याची बायको, म्हणायची, "दामूभावजी, त्याला 'चा पायजे का' असं हळू बोला, लगेच वळून बगल."

मी त्या डबड्याला कधी हात लावला नाही. तो पुष्कळदा म्हणायचा, "दादा, येकदा हात ठेवून तर बग." मी म्हणायचो, मला वारा पुरे. पुरेच होता.

अंबाडीला नाक्यावर एक वडेवाला आणि गणेशपुरीला देवळाबाहेर एक फुलवाला, ही सोनूची माणसं. तिकडे ढग दिसला की एक मिस कॉल, पाऊस लागला की दोन, झाडं पडायला लागली की तीन. बोलायचं नाही. बोललं तर सोनूला कुठे ऐकू येणार? फोन सदऱ्याच्या खिशात थरथरला की तो छातीवर हात ठेवायचा आणि बोटं वर करायचा. एक! दोन! आम्ही उठून उभे! मग इद्रीस टपरीची ताडपत्री बांधायला धावायचा, मी गावात ओरडत सुटायचो, वाळवणं काढा, पापड काढा, पेंढा झाका! आणि सोनू मात्र पळायचा उलटीकडे, उघड्या बांधावर, ढगाच्या सामोरा, दोन्ही हात पसरून. साठीचा माणूस! लक्ष्मीवयनी मागून पाट घेऊन यायची. वादळ शांत बसावं म्हणून अंगणात पाट टाकायची तिच्या माहेरची रीत. सोनू तिला म्हणायचा, "पाट टाकू नकोस, आताच तर आलाय, त्याला इतक्यात कशाला बसवतेस!"

आणि कट्ट्याचा कायदा असा. वळीव येऊन गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी चहावर त्याचं नाव ठेवायचं. ज्यानं तो बरोबर सांगितला त्यानं ठेवायचं. नाव ठेवलं नाही तर तो वळीव कोणाच्या ध्यानात राहत नाही. आला-गेला, कुत्रं ओळखत नाही. म्हणून आमच्याकडे पाळण्याचा वळीव आहे, त्यात इद्रीसची मुलगी जन्मली. पत्र्याचा वळीव आहे, त्यात माझ्या गोठ्याचा पत्रा उडून सरपंचाच्या गच्चीवर गेला आणि सरपंच म्हणाला, आता माझा. बर्फीचा वळीव आहे, त्यात गारा पडल्या आणि सोनूनं त्या साखर लावून खाल्ल्या. ही नावं सांगायला लागलो की मला अजून पाय हलवावेसे वाटतात.

खोटा निघाला तर? त्याचंही नाव ठेवायचं, पण इतरांनी. आणि ज्याचा खोटा निघाला त्याला पुढचा खरा सांगेपर्यंत नाव ठेवायचा हक्क नाही.

तर ती हळद. सोनूला आम्ही मानानं बोलावलं होतं. तो रेडिओ काखेत घेऊनच आला, मांडवाच्या खांबाशी बसला, तळवा ठेवला आणि ताडकन उठला. "दामूदादा, भयंकर! सारखं चाललंय! धागा न धागा तुटतोय! डोक्यावर हाय, डोक्यावर!" त्याचा चेहरा असा झाला होता की मी वारा बघायचंही विसरलो. आणि मग ते पातेलं, ते बेंजोवाले.

घटकाभरानं इद्रीस आला, त्यानं रेडिओ स्वतःच्या कानाला लावला आणि त्याचं तोंड पडलं. "सोनूभाय, ये तुटता नहीं है. ये घिसता है." शेजारच्या जमिनीवर नवं गोडाऊन उभं राहत होतं. तिथे वेल्डिंग चालू होतं. वेल्डिंगचा झटका रेडिओत र्र्र्र्र असा सलग वाजत होता. कानाला फरक लगेच कळतो. तळव्याला कळला नाही. लूमवर त्या हातानं कधी चूक केली नव्हती, पण लूमजवळ कोणी वेल्डिंग करत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाव ठेवलं. वेल्डिंगचा वळीव. बरोबर ठेवलं, आजही तेच म्हणेन. पण ते गावभर झालं. पोरं सोनू दिसला की गाल फुगवून र्र्र्र्र करायची. त्याला ते ऐकू येत नव्हतं, पण तोंडं दिसत होती. तो कट्ट्यावर यायचा, चहा प्यायचा, रेडिओ घरी. एकदा इद्रीसनं विचारलं तर म्हणाला, "येक येळ अजून बघनार. येकच. सगळ्यांसमोर. चुकला तर डबडं भंगारवाल्याला, आनि मी कट्ट्याला न्हाय." मी म्हटलं, "हात चुकला रे, त्यात काय." त्यानं कानाशी हात नेला नाही. ऐकू आलं होतं त्याला. म्हणाला, "दादा, माझ्याकडं हातच तर हाय."

दोन हजार एकोणीसचा मे महिना. भाताच्या कापल्या शेतावर रोलर फिरवून क्रिकेटच्या टूर्नामेंटचं मैदान केलेलं. फायनल. चार गावांची माणसं, बायका, लेकरं, आईस्क्रीमच्या गाड्या, लोखंडी पाइपांचा मांडव, चारी कोपऱ्यांना हॅलोजनचे उंच खांब. ऊन अजून लख्ख. खाडीचा वारा वाहत होता, म्हणून मी निर्धास्त बसलो होतो. आणि पूर्वेकडे? पूर्वेकडे आता काही दिसतच नाही. जिथून आम्ही पूर्वी माहुलीचा सुळका बघायचो तिथे गोडाऊनांची भिंत उभी आहे, पाच माणसं एकावर एक उभी राहिली तरी पलीकडचं दिसणार नाही.

शेवटची ओव्हर आली. दोन बॉल बाकी, चार रन हवे. सगळं मैदान उभं. आणि गर्दीतून वाट काढत सोनू आला, काखेत रेडिओ.

तो माझ्यापाशी थांबला. तळवा जाळीवर. "दादा, तुटतंय. अंबाडीचा फोन पन न्हाय आला. तिकडचं नेटवर्क गेलं असनार."

"खाडीचा वारा चालू हाय, सोन्या. येत न्हाय."

"हात सांगतोय."

मागच्या वर्षीही हात सांगत होता, हे मी बोललो नाही. बोलायची गरज नव्हती. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मग तो वळला आणि थेट मैदानात शिरला, अंपायर हात वर करून ओरडतोय, बॉलर थांबलाय, आणि हा खेळपट्टी ओलांडून समालोचकाच्या टेबलाकडे चाललाय.

कोणीतरी ओरडलं, "सोनूकाका, गोडाऊनला वेल्डिंग चालू हाय रं!" सगळं मैदान हसलं. र्र्र्र्र! मोठी माणसंसुद्धा. लक्ष्मीवयनी बायकांत बसली होती, तिनं पदर तोंडाशी धरला.

सोनूनं समालोचकाच्या हातातला माइक घेतला. मला वाटलं आता हा भाषण करणार, आणि मेला. पण त्यानं माइक तोंडाला लावला नाही. रेडिओचं बटण शेवटपर्यंत पिळलं आणि माइक जाळीला टेकवला.

फुस्स्स्स! चारी कोपऱ्यांतले कर्णे एकदम फुसफुसले. लेकरांनी कान झाकले. आणि त्या फुसफुशीत, खट् खर्र. थांबलं. खट्. खट् खर्र.

मग सोनू माइकवर बोलला. बहिऱ्या माणसाला स्वतःच्या आवाजाचा अंदाज नसतो, तो इतक्या जोरात ओरडला की कर्णे किंचाळले.

"माझा हात मागल्या वर्षी चुकला! आज तुमी ऐका! माझे कान गेलेत, तुमचे हायेत! सांगा मला, घासतंय का तुटतंय?"

पुन्हा माइक जाळीला. खट् खर्र. खट् खट् खर्र. मैदान गप्प. एवढी माणसं, आणि आईस्क्रीमवाल्याची घंटासुद्धा वाजत नव्हती. सगळे ऐकत होते. मी ऐकत होतो. मग दोन खट्-खर्रमध्ये अंतर राहिलंच नाही, एकावर एक, जशी तव्यावर लाही फुटते.

पहिला आवाज इद्रीसचा आला. "तुट रहा है, सोनूभाय! तुट रहा है!"

मग बायकांतून, "तुटतंय!" मग पोरांतून, "तुटतंय! तुटतंय!" अख्खं मैदान ओरडायला लागलं आणि सोनू कानाशी हात नेऊन विचारतोय, "काय?" खरंच ऐकू येत नव्हतं की काय, देव जाणे! "काय?" "तुटतंय!"

तेवढ्यात माझ्या गालावरचा वारा पडला. खाडीचा वारा असा तुटला, जसं कोणी दार लावलं. मग मी पण उठलो आणि ओरडलो, "पळा!" हे ओरडणं माझं. वाऱ्यानं सांगितल्यावर ओरडलो, हे नोंद करून ठेवतो.

समोरच्या गोडाऊनच्या वॉचमननं शटर वर केलं. माणसं आत शिरली, खोक्यांच्या थप्प्यांमध्ये, लेकरं खांद्यावर, म्हाताऱ्या हाताला धरून. शेवटचा आईस्क्रीमवाला गाडी ढकलत आत आला आणि गोडाऊनांच्या भिंतीवरून ते डोकावलं. काळं नाही, जांभळं. पूर्वेचा वारा मैदानावरची धूळ भिंतीसारखी उभी करून आला. मांडव एका दमात उचलला गेला, कापड फाटल्याचा आवाज शटरच्या आत ऐकू आला. हॅलोजनचा एक खांब सावकाश वाकला आणि खेळपट्टीवर आडवा पडला, बरोबर जिथे घटकेपूर्वी बॅट्समन उभा होता. मग बांधावरच्या ताडावर वीज आली. पांढरं! आणि असा आवाज की पोरी रडायला लागल्या. पत्र्यावर गारा सुरू झाल्या.

सगळे माझ्यासकट मागे सरकले होते. सोनू पुढे होता. अर्धं शटर खाली ओढलेलं, आणि त्यानं दोन्ही तळवे त्या पत्र्यावर सपाट ठेवले होते. गडगडाट झाला की पत्रा थरारायचा, आणि सोनू मागे वळून हसायचा, अंगावर पाणी, कपाळावर एक गार लागलेली.

"हाताला लागतंय, दादा! बगा, हाताला लागतंय!"

त्याला गडगडाट ऐकू येईनासा होऊन किती वर्षं झाली होती कोणास ठाऊक. लक्ष्मीवयनी त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिली. तिच्याकडे पाट नव्हता. तिनं पण एक हात पत्र्याला लावला.

सोनू त्याच वर्षी दिवाळीच्या अलीकडे गेला, झोपेतच. त्याच्याबद्दल मला ते सांगायचं नाही. मला त्या वळवाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगायची आहे.

सकाळी कट्ट्यावर नेहमीच्या तिघांऐवजी तीस-चाळीस माणसं. नाव ऐकायला! इद्रीसनं चहाचं मोठं भांडं चढवलं होतं. सोनूचा पत्ता नाही. शेवटी कोणीतरी मैदानाकडे बोट दाखवलं. सोनू तिथे होता, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चिखलात तीन विटा उभ्या करत होता. आम्ही सगळे गेलो. खांब अजून आडवा पडलेला. सोनूच्या हातात कालचाच टेनिसचा बॉल, भिजून जड झालेला.

"दामूदादा, बॅट घे."

"मी? सत्तरीचा झालो मी."

"दोन बॉल बाकी हायेत."

मी आयुष्यात बॅट धरली नव्हती, पण एवढ्या माणसांसमोर नाही म्हणायचं नव्हतं. समालोचकाच्या मोडक्या टेबलाची एक फळी उचलली. इद्रीस अंपायर झाला. सोनू चिखलातून फचाफचा धावत आला, हात फिरवला, आणि मी मारला. बॉल दहा पावलांवर चिखलात रुतला. मी सांगतो, जमीन कोरडी असती तर चौका होता. इद्रीस म्हणाला, "नो रन." त्याच्याशी मी अजून त्यावर बोलत नाही.

सोनूनं बॉल उपटून काढला, सदऱ्याला पुसला, आणि खिशात घातला.

"आरं, दुसरा टाक की!" माणसं ओरडली.

"ऱ्हाऊ दे. पुढल्या उन्हाळ्याला." मग तो आम्हा सर्वांकडे वळला. "नाव ठेवतो. एक बॉल बाकीचा वळीव."

"हे काय नाव हाय?" मी म्हणालो. "वळवानं नेलेल्या नायतर दिलेल्या वस्तूचं नाव ठेवतात. बॉल तर तूच खिशात घातलास."

त्यानं कानाशी हात नेला. "काय?"

माणसं हसली. मग त्यानं विटांशेजारचा रेडिओ उचलला, चालू केला, आणि माझा हात मनगटाला धरून त्या जाळीवर ठेवला. मला ओढून घेता आला असता. मी ठेवू दिला. जाळी गार होती. तळव्याखाली नुसती बारीक सळसळ, एकसारखी, कुठे अडखळणं नाही.

"तुटतंय का?" त्यानं विचारलं.

"न्हाय."

"घासतंय?"

"न्हाय."

"साफ," सोनू म्हणाला, आणि चहाकडे निघाला.